एकुलती एक प्रत

बंद पडलेली हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवताना माणसं बहुधा एकच वाक्य बोलतात, "मॅडम, आम्ही बॅकअप घेतला होता हो." मग मूळ फोटो कुठे आहेत, असं विचारलं की हळूहळू उलगडा होतो. फोन भरला म्हणून फोटो लॅपटॉपवर घेतले, लॅपटॉप अडखळायला लागला म्हणून ते बाहेरच्या डिस्कवर टाकले, आणि प्रत्येक वेळी मागची जागा मोकळी केली. मुलीचं बारसं, वडिलांची एकसष्टी, घराची वास्तुशांत असं सगळं एकाच तळहाताएवढ्या डबीत जमा झालं. फोटोंची दुसरी प्रत कधी निघालीच नाही. ते फक्त घर बदलत राहिले.

बंद पडलेल्या डिस्क, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांमधून माहिती बाहेर काढणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. पुष्कळदा माहिती मिळते, कधी अर्धीमुर्धी मिळते, कधी अजिबात मिळत नाही. मिळाली तरी त्या कुटुंबाचे मधले दिवस फार वाईट जातात. म्हणून माझ्याकडे येण्याची वेळच कुणावर येऊ नये, यासाठी हा लेख. माझं सांगणं एवढंच आहे की, घरच्या फायली कुठल्याही उपकरणाच्या भरवशावर टिकत नाहीत. कुणीतरी आठवणीने त्यांची आणखी एक प्रत काढतं, म्हणून त्या टिकतात.

उपकरणं का थांबतात

हार्ड डिस्कच्या पोटात आरशासारख्या चकत्या असतात आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचनाचं हेड जातं ते चकतीला न टेकता, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून. माणसाचा केस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती कमी हे लक्षात यावं. चालू डिस्क टेबलावरून पडली की हेड चकतीवर आपटतं आणि जिथे घासतं तिथली माहिती खरवडून निघते. नंतर डिस्क टक-टक असा आवाज करत राहते, कारण चकतीवरच्या खुणा न सापडल्याने हेड पुन्हा पुन्हा मागे येऊन शोध घेत असतं. अशा वेळी डिस्क ताबडतोब बंद करावी. 'आणखी एकदा लावून बघू' म्हणत केलेला प्रत्येक प्रयत्न चकतीवर नवा ओरखडा उठवू शकतो.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही कानोकानी फिरतो. तो करू नका, आत दव धरतं. घरी झाकणही उघडू नका, कारण त्या काही नॅनोमीटरच्या फटीसमोर धुळीचा साधा कण डोंगराएवढा असतो. तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून बसवण्यानेही आता सहसा भागत नाही. प्रत्येक सर्किटवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची खास मोजमापं साठवलेली असतात, तीही सोबत हलवावी लागतात.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी यांच्यात काहीच फिरत नाही, म्हणून लोकांना ती जास्त भरवशाची वाटतात. पडण्याच्या बाबतीत तसं आहेही. पण त्यांच्यातली माहिती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. हा भार हळूहळू झिरपून जातो, उष्णतेत अधिक वेगाने. त्यामुळे कपाटात कित्येक वर्षं नुसता पडून राहिलेला पेनड्राइव्ह हे जतनाचं साधन होऊ शकत नाही. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या 'दोन टीबी'च्या पेनड्राइव्हपासून तर लांबच राहा. त्यातली चिप संगणकाला खोटी क्षमता सांगते. खरी जागा संपली की नव्या फायली जुन्यांवरच लिहिल्या जातात किंवा नुसतीच नावं दिसत राहतात.

पूर्वी हार्ड डिस्कवरचा चुकून पुसलेला फोटो परत आणणं हे सोपं काम होतं. एसएसडीमध्ये पुसलेली जागा संगणक लगेच 'रिकामी' म्हणून कळवतो आणि ड्राइव्ह ती स्वतःहून साफ करून टाकतो. आजच्या फोनांतली माहिती तर सांकेतिक रूपात असते. फोन रिसेट केला की तिची किल्लीच नष्ट होते. तिथे माझ्यासारखीच्या हाती काही उरत नाही.

लग्नाच्या सीडी-डीव्हीडींचंही आयुष्य मर्यादित आहे. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर असते आणि ऊन, उष्णता व दमट हवा तो थर बिघडवतात. त्याआधीच्या व्हीएचएस कॅसेटींना कोकणात आणि मुंबईत बुरशी लागते. शिवाय व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. घरात कॅसेट असेल तर ती डिजिटल करून घेण्याचं काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

पूर आणि पोथी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी घरांत शिरलं. पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये आणि चालू करून तर मुळीच पाहू नये. वाळताना पाण्यातला गाळ चकतीवर घट्ट बसतो. ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत ती तशीच तज्ज्ञाकडे न्यावी. पण पुराचा खरा धडा वेगळा आहे. काही घरांत दोन डिस्क असतात, दोन्हींवर तेच फोटो असतात आणि दोन्ही एकाच कपाटात असतात. पाणी, आग किंवा चोर आला तर त्या एकाच वेळी जातात.

मराठी वाङ्मयात याची फार जुनी आठवण आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मूळ पोथी पुढे धाडीत गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसेच्या स्मरणातून आलेला पाठ त्यांतलाच. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ आज आपण वाचतो, कारण तो एकाहून अधिक ठिकाणी होता. त्याचे पाठभेदही तितकेच बोलके आहेत, कारण स्मरणातून उतरलेल्या प्रती तंतोतंत सारख्या नसतात. डिजिटल फाइलची प्रत मात्र मुळाशी अक्षरशः तंतोतंत जुळू शकते आणि ती जुळते की नाही हे संगणकाकडून तपासून घेता येतं. अशी सोय इतिहासात कुठल्याच पिढीला नव्हती. ती हाताशी असताना फोटो एकाच डबीत ठेवणं मला फार खटकतं.

फोन आणि क्लाउड

"सगळं गूगलवर आहे" हे मी दुसऱ्या क्रमांकावर ऐकते. गूगल फोटोज ही उपयोगी सोय आहे, पण तिचे नियम माहीत हवेत. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत जागा बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत मिळतात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. ती जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं. फोनवर तशी सूचना येते, पण ती वाचतो कोण? वर्षभराने फोन हरवतो तेव्हा मधल्या वर्षाचे फोटो कुठेच नसतात.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असतात. ॲपमधून एका ठिकाणी पुसलेला फोटो दुसरीकडूनही जातो. काही आठवडे तो कचरापेटीत राहतो, नंतर कायमचा नाहीसा होतो. आयफोनच्या आयक्लाउडचंही असंच आहे. त्यामुळे क्लाउडला एक प्रत जरूर मानावं, पण एकमेव प्रत मानू नये. गूगलचं 'टेकआउट' वापरून सगळे फोटो वर्षातून एकदा आपल्या डिस्कवर उतरवून घेता येतात.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंबद्दलही एक सांगायला हवं. नेहमीच्या पद्धतीने पाठवताना फोटो आकसतो आणि तो कधी, कुठे काढला ही त्याच्या पोटातली नोंद निघून जाते. लग्नाचे फोटो भावाकडून मागवायचे असतील तर त्याला ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येईल.

तीन, दोन, एक

आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी.

मराठी मध्यमवर्गीय घरात हे सहज जमतं. पहिली प्रत संगणकावर किंवा लॅपटॉपवर. संगणक नसेल तर एक डिस्क हीच पहिली प्रत धरावी. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातलगाकडच्या डिस्कवर. एक फोटो ५ एमबीचा धरला तर १ टीबीच्या डिस्कवर दोन लाख फोटो मावतात. बहुतेक कुटुंबांना एवढी जागा पुरते, व्हिडिओ खूप असतील तर मोठी डिस्क घ्यावी. दोन डिस्क घ्यायच्या तर वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, कारण एकाच घाण्यातल्या डिस्क कधीकधी एकाच सुमाराला मान टाकतात. मुलं अमेरिकेत किंवा दुबईत असतील तर सुट्टीला येताना एक डिस्क घेऊन यावी आणि जाताना ताजी भरलेली घेऊन जावी.

प्रत काढून झाली की डिस्क संगणकापासून सोडवा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. असे व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कही सोडत नाहीत. कपाटात सुटी ठेवलेली डिस्क त्यांच्या हाती लागत नाही.

फाइल आहे, पण वाचता येत नाही

कधीकधी डिस्क ठणठणीत असते आणि तरीही माणूस हताश होऊन येतो. वडिलांनी निवृत्तीनंतर संगणकावर लिहिलेलं आत्मकथन उघडतं, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी दिसते. युनिकोड घरोघरी पोचण्यापूर्वी मराठीत संगणकावर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहे. त्यांत देवनागरी अक्षरांना इंग्रजी अक्षरांच्या जागा दिलेल्या असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. तो फॉन्ट गेला की मजकूर मुका होतो. जुन्या दिवाळी अंकांच्या पेजमेकरमधल्या फायलींचीही हीच गत आहे. म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी असा मजकूर त्यावर उघडा, फॉन्टसकट पीडीएफ करा आणि परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं बिघडतात, तेव्हा एकदा वाचून दुरुस्त करा. वडील असतील तर त्यांनाच वाचायला द्या.

कुलपांचाही असाच प्रश्न आहे. विंडोजच्या अनेक नव्या संगणकांवर डिस्क आपोआप सांकेतिक होते आणि तिची ४८ अंकी किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खातं दुकानदाराने कुठल्या नावाने उघडलं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडेपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकांना बंदच होते. आजचं सांकेतिकीकरण कितीही मोठ्या विद्वानाला असं उलगडता येणार नाही. तेव्हा पासवर्ड आणि किल्ल्या कागदावर लिहा आणि तो कागद घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवा. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' अशी सोय आहे. आपल्या पश्चात खातं कुणाला उघडता यावं, हे तिथे आजच ठरवता येतं. दोन वर्षं वापर नसलेलं खातं पुसण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवलेला आहे, हेही ध्यानात असू द्या.

वर्षातून एकदा

१९९८ मध्ये पिक्सारच्या 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते कुणी तपासलंच नव्हतं. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने चित्रपट वाचवला. जी प्रत उघडून पाहिलेली नाही ती आहे असं धरून चालू नये.

म्हणून दरवर्षी एक दिवस ठरवा. आपल्याकडे हिशेबाच्या नव्या वहीचा मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याला करतात. याही कामाला तो दिवस चांगला आहे. जुनी डिस्क जोडा, वेगवेगळ्या वर्षांचे फोटो आणि दोनचार व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून बघा. वर्षभराचे नवे फोटो '२०२४-११ दिवाळी, नाशिक' अशा नावाच्या फोल्डरमध्ये घाला. फोटोत कोण आहे हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा, ती माहिती कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली असेल तर ती चालू असतानाच नवी घेऊन सगळं तिच्यावर उतरवा. वर्षातले निवडक पन्नास-शंभर फोटो चांगल्या कागदावर छापून घ्या, त्यांना पासवर्ड लागत नाही.

आणि हे काम घरातल्या एका माणसाकडे सोपवा, त्याला ते आवडो वा न आवडो. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही. यंदा पाडव्याला दुसरी डिस्क भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला बहिणीकडे जायचंच आहे, ओवाळणीच्या पाकिटासोबत ती डिस्कही तिच्या हाती द्या आणि तिची डिस्क आपल्या घरी घेऊन या.