कार्डाची बेगमी

बेगमी हा आमच्या घरी सौ.च्या अखत्यारीतला विषय. एप्रिल उजाडला की गहू किती, तांदूळ किती, तिखट किती, हा वर्षाचा हिशेब ती बोटांवर करते आणि तो सहसा चुकत नाही. २०१२ साली मात्र बेगमीचा एक हिशेब माझ्या गळ्यात पडला, तोही कारखान्यात. पुरवठादाराचे पत्र आले, ‘अमुक कार्डाचे उत्पादन बंद होत आहे. शेवटची मागणी नोंदवावी.’

हे कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी. आमच्याकडे इंजिनांची चाचणी चाले. त्या खोलीत उष्णता, धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज. म्हणून मोजमापाची उपकरणे तिथे एका पेटीत आणि कॉम्प्युटर भिंतीपलीकडे. पेटी १९९७ साली निघालेल्या ‘पीएक्सआय’ पद्धतीची. एक कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत, त्याचे जोडकार्ड पेटीच्या पहिल्या घरात आणि मध्ये केबल. तांब्याची असेल तर काही मीटर. काचतंतूची असेल तर थेट २०० मीटर! गंमत अशी, की पेटीतली उपकरणे आपल्याच पोटात आहेत असे कॉम्प्युटरला वाटे.

फक्त एक पथ्य होते. सुरू होताना कॉम्प्युटर मास्तरांसारखी हजेरी घेतो. तेव्हा पेटी आधी जागी हवी. नाहीतर दिवसभर गैरहजर. निजताना उलट: आधी कॉम्प्युटर, मग पेटी. नव्या पोरांना हे शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली म्हणा ना!

कार्डाला काही झाले नव्हते. १९९२ सालची पीसीआय ही खाचच मागे पडत चालली होती. २००४ च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस कॉम्प्युटरांत आली आणि हळूहळू नव्या यंत्रांत जुनीला जागाच उरेना. घर गेले की भाडेकरूही जातो, तसे झाले.

नव्या पद्धतीची जोडी बाजारात मिळत होती. पण कॉम्प्युटर बदलला की त्याची प्रणाली बदलणार, मग चाचणीचा प्रोग्राम आणि मग प्रत्येक आकडा पुन्हा सिद्ध करणे आले. एखादा आकडा फसवा निघाला, तर सदोष इंजिन ‘उत्तीर्ण’ होऊन कुणाच्या तरी गाडीत बसायचे. तेवढ्यासाठी चाचणी बंद ठेवायला वरिष्ठ तयार नव्हते आणि घाईने आकडे मान्य करायला मी तयार नव्हतो. तेव्हा साठवणच करायची ठरली. पण किती? पेटी वीस वर्षे चालेल; कॉम्प्युटर सात चालला तरी पुष्कळ.

“दोन पुरेत ना, साहेब?” खरेदीखात्याने विचारले.

रात्री जेवताना मी सौ.ला सारे सांगितले. भात वाढता वाढता ती म्हणाली, “अहो, कार्डे भरून ठेवाल, पण ती बसवायला कॉम्प्युटर कुठला आणणार?”

सकाळी मी मागणी लिहिली: कार्डांच्या चार जोड्या आणि जुन्या खाचेचे दोन कॉम्प्युटर. कार्डे चंदेरी पिशव्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, तारीख घालून कपाटात ठेवली.

२०१९ साली निवृत्त होताना कपाटाची किल्ली तिथल्या तरुण इंजिनिअरच्या हाती दिली. दोन जोड्या शिल्लक होत्या. त्याने पिशवी उजेडात धरून तारीख वाचली.

“सर, मी तेव्हा दहावीत होतो,” तो म्हणाला आणि पिशवी दोन्ही हातांनी जपून जागच्या जागी ठेवली.