चालती ठेव

यंत्राचे आयुष्य बहुधा ते घडविणाराच ठरवून ठेवतो. अमेरिकेतील मोटारधंद्याने हा हिशेब फार लवकर बसविला. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन ह्यांच्या कारकीर्दीत, १९२० च्या दशकात, दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलण्याची पद्धत तेथे रूढ झाली. गाडी मोडण्यापूर्वीच ती मालकाला जुनी वाटू लागावी, हा त्यामागील विचार. अशा व्यवस्थेत जन्मलेली वस्तू चार-पाच वर्षांत हातावेगळी व्हावी, हेच स्वाभाविक. तरीही त्या देशात अशी घरे आहेत, जेथे साठीच्या दशकातील एखादी मोटार आज तिसऱ्या पिढीच्या हाती आहे. टाकून देण्यासाठी घडविलेली वस्तू माणसे का जपतात आणि जपणे म्हणजे नेमके काय करणे, ह्याचा विचार एका उन्हाळ्यात आम्हांस करावा लागला. तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्या गाड्यांविषयी आम्ही बोलत आहोत, त्यांना तेथे 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू. अंगलट मध्यम, किंमत बेताची, परंतु बॉनेटखाली थोरल्या गाडीचे इंजिन, असा हा प्रकार. ह्या घराण्याचा आरंभ बहुतेक जाणकार १९६४ च्या पाँटियाक जी.टी.ओ. ह्या गाडीपासून मानतात. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहण्यास सांगितले होते आणि मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा दंडक होता. पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी ह्यांनी त्यातून पळवाट काढली. ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन त्यांनी 'टेम्पेस्ट' गाडीवर ऐच्छिक साहित्य म्हणून देऊ केले. पहिल्या वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. १९६६ साली हा आकडा ९६,९४६ वर गेला. मग शेवरोलेची शेव्हेल, डॉजची चार्जर, प्लिमथची रोडरनर अशी एकाहून एक दांडगी भावंडे रस्त्यावर आली.

हा बहर दहा वर्षेही टिकला नाही. विम्याचे हप्ते तरुणांना परवडेनासे झाले, १९७० च्या कायद्याने धुरावर निर्बंध आले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखल्यावर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. ह्या गाड्या भंगारात गेल्या, गंजल्या, कवडीमोलाने विकल्या गेल्या. त्यांच्या उणिवाही झाकण्याचे कारण नाही. १९६६ च्या जी.टी.ओ.ला एवढे बळ दिले, पण चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक. ह्या वेगापायी कित्येक घरांतील मुले गेली. तेव्हा ह्या गाड्यांवरील माया ही निव्वळ निर्दोष माया नव्हे, हे प्रथमच सांगितलेले बरे.

२०१७ च्या उन्हाळ्यात मिशिगन राज्यातील एका धर्मग्रामात आम्ही बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. डेट्रॉईट शहर तेथून जवळ. धर्मग्रामातील बरीच घराणी मूळची पोलिश; आजे-पणजे हॅमट्रॅमकच्या 'डॉज मेन' ह्या अवाढव्य कारखान्यात राबलेले. तो कारखाना १९८० च्या जानेवारीत बंद पडला. पण म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो अजून चालूच असतो. अशाच एका घरातील भाऊ-बहीण एके संध्याकाळी आमच्याकडे आले. भाऊ बासष्ट वर्षांचा, बहीण एकोणसाठ वर्षांची. दोघांत एका गाडीवरून अबोला होण्याची वेळ आली होती.

गाडी १९६६ ची जी.टी.ओ., गडद निळी. ती त्यांच्या थोरल्या भावाने एकविसाव्या वर्षी स्वतःच्या मजुरीवर नवी घेतली होती. वडील डॉजचे कामगार. मुलाने प्रतिस्पर्ध्याची गाडी दारात आणली म्हणून ते महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. वर्षाच्या अखेरीस मुलाला सैन्यात बोलावणे आले. १९६८ साली तो व्हिएतनाममध्ये पडला. तेव्हा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा होता, बहीण दहा वर्षांची.

आईने गाडी विकू दिली नाही. तिला स्वतःला गाडी चालविता येत नव्हती. परंतु दर रविवारी मिस्साहून परतल्यावर ती गॅरेजचे दार उघडी, चालकाच्या आसनावर बसे, किल्ली फिरवी आणि दहा मिनिटे इंजिन चालू ठेवी. मग एका वहीत तारीख टाकून 'सुरू केली' एवढेच लिही. सहा वर्षे हा नेम चालला. ती वही भावाने आम्हांस दाखविली. पानामागून पान तेच दोन शब्द.

भाऊ पुढे एकोणिसाव्या वर्षी गाडीखाली शिरला, तेव्हा त्याला सायलेंसरची नळी आतून चाळणीसारखी झालेली आढळली. गॅरेजमालकाने त्याला त्याचे कारण समजावून दिले. पेट्रोल जळते तेव्हा वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ती वाफ नळीत पाणी होऊन राहते आणि तेलातही मिसळते. गाडी रस्त्यावर नेऊन अर्धा-पाऊण तास चालविली तरच ते पाणी उडून जाते. उभ्या उभ्या दहा मिनिटे इंजिन फिरविणे हे गाडीला उपकारक नव्हे, अपायकारकच. आईची माया खरी होती. पण तिने नळी गंजली.

त्या दिवसापासून भावाने गाडी बाहेर काढण्यास आरंभ केला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. डेट्रॉईट शहराच्या पोटातच मिठाची मोठी खाण आहे. हे मीठ गाडीचा पत्रा खाऊन टाकते. म्हणून गाडी नोव्हेंबरात झाकायची आणि वसंतातील पावसाने रस्ते धुऊन निघाले की पुन्हा काढायची. झाकण्यापूर्वी तेल बदलायचे, बॅटरी सोडवून ठेवायची, उंदीर शिरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी बोळा घालायचा. पुढे शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या करून घ्याव्या लागल्या. मक्यापासून काढलेला अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळू लागले, तेव्हा जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. ज्या पाँटियाकने ही गाडी घडविली, ते नावच बंद करण्याची घोषणा जनरल मोटर्सने २००९ साली केली. घडविणारा गेला, गाडी राहिली, ती ह्या एका माणसाच्या काळवंडलेल्या बोटांमुळे.

आता वाद असा होता. एका खरेदीदाराने मोठी रक्कम देऊ केली होती. बहिणीचे म्हणणे, गाडी विकावी आणि पैसा नातवंडांच्या शिक्षणास लावावा. भावाचे म्हणणे, ही आईची आज्ञा आहे, मी मोडणार नाही. दोघांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही निवाडा करणार नाही, असे सांगून बहिणीला एवढेच विचारले, "ही गाडी चालविताना तुम्हांला काय वाटते?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, पन्नास वर्षे ही गाडी आमच्या घरात आहे. मला ती कधी कोणी चालवायला दिलीच नाही. मी मुलगी होते ना! मला ह्या गाडीतून दिसते ते फक्त आईचे रडणे."

भावाला हे नवीन होते. त्याने गाडी राखली होती. पण ती आपल्याशिवाय आणखी कोणाची आहे, हे त्याच्या ध्यानीच आले नव्हते. तो उठला आणि किल्ली तिच्यापुढे ठेवली.

ह्या संदर्भात एका प्रसिद्ध गाडीची हकीकत सांगण्याजोगी आहे. 'बुलिट' ह्या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन ह्या नटाने चालविलेली हिरवी फोर्ड मस्टँग १९७४ साली न्यू जर्सीतील एका गृहस्थाने ६,००० डॉलरला घेतली. त्याची पत्नी कॅथलिक शाळेत शिक्षिका होती. त्याच गाडीने ती शाळेत जाई. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली. गृहस्थाने दिली नाही. १९८० मध्ये क्लच निकामी झाला आणि गाडी उभी राहिली, ती अनेक वर्षे. बापलेकांनी मिळून ती दुरुस्त करायचे योजले, पण वडील आजारी पडले. २०१४ मध्ये ते वारले. मुलाने वडिलांच्या मागे गाडी चालती केली, पण जुना विटलेला रंग तसाच ठेवला. जानेवारी २०१८ मध्ये ती डेट्रॉईटच्या प्रदर्शनात जगाला दिसली. जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातील किसिमी येथे तिचा लिलाव झाला आणि दलाली धरून ३७ लाख ४० हजार डॉलर आले. वर्तमानपत्रांनी आकड्याचे कौतुक केले. आम्हांस मात्र त्यातील क्रम लक्षात राहिला. त्या कुटुंबाने गाडी विकली हे खरे. परंतु मरू दिलेली विकली नाही, आधी जिवंत केली. विकणे हा द्रोह नव्हे आणि न विकणे ही निष्ठा नव्हे. हाती असेपर्यंत ती कशी राखली, ह्यावर सर्व अवलंबून.

मिशिगनच्या त्या बहिणीचा क्लचवर पाय नीट बसेना. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली, तेव्हा भाऊ शेजारच्या आसनावर होता आणि आम्ही मागे. वुडवर्ड अव्हेन्यू हा डेट्रॉईटहून पाँटियाक शहराकडे जाणारा मोठा रस्ता. साठीच्या दशकात तरुण मुले रात्री येथेच शर्यती लावीत. १९९५ साली फर्नडेल ह्या उपनगरातील काही मंडळींनी मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमवावा म्हणून जुन्या गाड्यांची मिरवणूक योजिली. तेव्हापासून ऑगस्टमधील तिसऱ्या शनिवारी तेथे जुन्या गाड्यांचा महापूर लोटतो. रॉयल ओक येथे बाळ येशूच्या संत तेरेजाचे मोठे चर्च ह्याच रस्त्यावर आहे. त्याच्या समोरून जाताना बहिणीने वेग कमी केला आणि म्हणाली, "आई आयुष्यात एकदाही ह्या गाडीतून येथवर आली नाही." भाऊ काही बोलला नाही. त्याने खिडकीची काच खाली केली.

पुढील नाताळात त्यांचे पत्र आले. खरेदीदाराला नकार कळविला होता. गाडी एक वर्ष भावाकडे, एक वर्ष बहिणीकडे राहील, असे ठरले होते. नातवंडांच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला नव्हता; भावाने त्यासाठी दरमहा काही रक्कम बाजूला काढण्याचे मान्य केले होते. सोबत वहीच्या एका पानाचे छायाचित्र होते. आईच्या त्या दोन शब्दांखाली भावाचे बारीक अक्षर, त्याखाली बहिणीचे तिरपे अक्षर. सर्वांत खाली एका मुलाचे गिचमिड अक्षर होते: 'अठ्ठावीस मैल. आत्याबरोबर. इंजिन चांगले तापले.'