गोळ्यांची गरमी आणि वयाचं घड्याळ

संपादकांना यंदा ‘चिरतारुण्य’ या विषयावर लेख हवा होता. मी मुंबईत एचआयव्ही आणि नशेच्या रुग्णांची ओपीडी सांभाळतो, माझ्याकडे तारुण्य उतरणीला लागल्यावरच माणूस येतो, असं सांगून सुटका करून घ्यायला गेलो. ‘मग उतरणीवर लिहा,’ म्हणाले. त्याच सुमारास एका रुग्णाने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

वय ४४. विशीत पन्नीवर गर्द ओढायला सुरुवात, मग सुई, सुईतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी. हिपॅटायटिस बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी गेला. एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे त्याचा विषाणू रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. नशेच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन आहे: सिस्टर गोळी चुरडून जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत तो बाकावर तोंड मिटून बसतो. (यावर ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हे नातेवाइकांचं वाक्य ठरलेलं. मधुमेह्याला इन्सुलिनची नशा लागली, असं कुणी म्हणत नाही.) भाच्याने हौसेनं एका खासगी लॅबमधून त्याचं ‘जैविक वय’ काढून आणलं. अहवालात आकडा होता ५८.

‘डॉक्टर, ही गोळ्यांची गरमीच ना? थोडे दिवस बंद करून बघू का?’

आधी तो आकडा. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात आणि वयानुसार त्या ठरावीक रीतीने बदलतात. २०१३ साली स्टीव्ह होर्व्हाथ यांनी अशा ३५३ जागांवरून वय ओळखण्याचं गणित मांडलं. २०१५ मध्ये त्यांनी आणि अँड्र्यू लेव्हिन यांनी तेच गणित एचआयव्हीबाधितांना लावलं, तेव्हा रक्ताचं वय सरासरी ५.२ वर्षांनी आणि मेंदूचं ७.४ वर्षांनी पुढे निघालं. वर्तमानपत्रांना एवढं पुरतं. मला पुरत नाही, आणि इथे मी थोडा लांबतो, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

रक्त म्हणजे एकाच जातीच्या पेशी नव्हेत. छातीतल्या थायमस ग्रंथीतून येणाऱ्या कोऱ्या टी-पेशी असतात, तशा जुन्या लढायांतून निबर झालेल्याही. एचआयव्हीत कोऱ्या घटतात, निबर वाढतात. कट्ट्यावरून कॉलेजची पोरं उठून गेली आणि पेन्शनर तेवढे उरले, तर सरासरी वय वाढतं. म्हातारं मात्र कुणीच झालेलं नसतं. रक्तातल्या ‘वाढलेल्या वया’चा काही भाग असाच आहे. त्यात बहुतेक भारतीय प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला असलेला सायटोमेगॅलो विषाणूही निबर पेशींची भरती करतच असतो. माझे काही सहकारी म्हणतात, मग हे घड्याळ निरर्थक. तेही मला पटत नाही, कारण मेंदूत टी-पेशींची अशी गर्दी नसते, तरी तिथलं वय पुढे गेलंच. शिवाय २०१९ सालचं ‘ग्रिमएज’ हे घड्याळ बांधतानाच त्यात धूम्रपानाचा अंदाज धरलेला आहे. माझा रुग्ण दिवसाला बिडीचं एक बंडल संपवतो. तेव्हा त्या १४ वर्षांत विषाणूचा वाटा किती, गर्दचा किती, बिडीचा किती, हे कोणतीही लॅब सांगू शकत नाही. ही गणितं जमावासाठी केलेली. एका माणसाच्या हातात तो आकडा देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

मग तो म्हातारा होत नाहीये का? होतोय. मुठीचा जोर मापायचं यंत्र त्याच्या हातात दिलं, तर काटा साठीच्या माणसाइतकाच सरकला. अफूजन्य पदार्थ वर्षानुवर्षं घेतले की मेंदूकडून पुरुषी संप्रेरकाला येणारा हुकूम मंदावतो. हाडं विरळ होतात, दंड ओसरतात. एचआयव्ही पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशी, म्हणजे टी-पेशींतलाच एक प्रकार, मारतो. ते अस्तर झिरपू लागतं, जंतूंचे तुकडे रक्तात येतात आणि प्रतिकारशक्ती कायमची ताठ उभी राहते. याचा भार धमन्या, मूत्रपिंड, हाडं सगळ्यांवर पडतो. उपचाराने तो पुष्कळ उतरतो, पूर्ण उतरत नाही.

‘गरमी’ची समजूत मात्र निव्वळ अडाणीपणाची नाही. सुरुवातीला आपल्याकडे स्टॅव्ह्युडीन नावाचं औषध सर्रास दिलं जाई. त्याने गालांतली चरबी जायची, हातांच्या शिरा दिसायच्या, तिशीतला माणूस पन्नाशीचा भासायचा. गल्लीने ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मागे घ्यायला सांगितलं. औषध गेलं, समज राहिली.

आणि गोळ्यांना सुट्टी देऊन बघू, हे तर एके काळी आम्हा डॉक्टरांनाही वाटत होतं. ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात ५,४७२ रुग्णांपैकी निम्म्यांनी नेमकं तेच केलं: सीडी-४ पेशी ३५० च्या वर असल्या की औषध बंद, २५० च्या खाली आल्या की चालू. जानेवारी २००६ मध्ये तो अभ्यास गुंडाळावा लागला. सुट्टी घेतलेल्यांत मृत्यू जास्त होतेच, शिवाय हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे आजारही जास्त होते, म्हणजे ज्यांचं खापर लोक गोळ्यांवर फोडतात तेच. औषध थांबल्यावर महिन्याभरातच रक्तातल्या दाहाच्या खुणा चढलेल्या दिसल्या.

त्याला मी सांगितलं, गोळ्या चालू ठेवा, बिडी बंद करा. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिनही सुरू केलं. २०२३ साली ‘रिप्रीव्ह’ अभ्यासात ४० ते ७५ वयाच्या, नियमित उपचार घेणाऱ्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांपैकी निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन दिलं होतं. त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. भाच्याने ओतलेल्या पैशांत या गोळ्या कितीतरी वर्षं आल्या असत्या.

तुमच्या घरात, इमारतीत, कामावर कुणी एचआयव्हीच्या गोळ्या घेत असेल, तर ‘गरम पडतात, जरा थांबव’ असं त्याला सांगू नका. त्रास होत असेल तर एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात पाठवा. तिथे औषध बदलून मिळतं, आणि २००४ पासून ते फुकट आहे.