पट्ट्याची किंचाळी

मुरुडच्या खाऱ्या हवेत गाडी सुरू होताच येणारी किंचाळी बहुधा अल्टरनेटरच्या पट्ट्याची असते. फिरत्या पट्ट्यावर लांबूनच थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परतला तर पुली तिरकी, वाढला तर ताण कमी. फरकच पडला नाही तर बेअरिंग तपासावे.

पट्टा ठीक असूनही, जळालेल्याच्या जागी बसवलेला नवा अल्टरनेटरही जळाला, तर दोष सहसा त्याच्याबाहेर असतो. बदलला मात्र तोच जातो! मरणपंथाला लागलेली बॅटरी त्याला सतत राबवते. इंजिन चालू असताना साध्या चार्जिंगच्या गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. भार असताना अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांत ०.२ व्होल्टहून जास्त फरक आला, तर अर्थिंगचा जोड गंजलेला समजावा. किनाऱ्यावर हे नेहमीचेच. वरून ठिबकणारे ऑइलही कार्बन ब्रश खराब करते.