नावापुरती संचालिका

दुकानाला कुलूप लावलं, की दुकान बंद होतं. शिवणयंत्र विकलं, की शिवणकाम थांबतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं मात्र तसं नसतं. ती कायद्यानं जन्माला येते आणि कायद्यानंच तिचा शेवट करावा लागतो. तोवर ती काही करो वा न करो, तिचं मीटर फिरतच राहतं. हे मी शिकले ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

ताई आणि भाऊजींनी 2015 मध्ये साताऱ्याजवळच्या आपल्या गावी मसाले आणि भाजणीची पाकिटं विकणारी छोटी कंपनी काढली. अशा कंपनीला किमान दोन संचालक लागतात. एक भाऊजी, आणि दुसरं कोण? घरचंच माणूस! "नावापुरतं आहे गं, इथं सही कर," असं भाऊजी म्हणाले आणि ताईनं सही केली. मसाल्याचं प्रमाण तिचं, भाजणीची चव तिची. पण कंपनीचे कागद तिनं कधी उघडून पाहिले नाहीत. तसं तिला कुणी सांगितलंही नाही.

2020 च्या टाळेबंदीत धंदा बसला. भाऊजींनी यंत्रं विकली, बायकांचे पगार चुकते केले, कुणाचा पैसाही बुडवला नाही. त्या वेळी आम्हा सर्वांना त्यांचा अभिमानच वाटला होता. कंपनी संपली, असं सारं घर समजून चाललं.

चार वर्षांनी, 2024 मध्ये, गावातल्या बायकांनी हळद आणि आल्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी काढायचं ठरवलं. संचालक म्हणून सर्वांनी एकमुखानं ताईचं नाव सुचवलं. या वेळी नावापुरतं नव्हे, तर तिच्या कामाकडे पाहून! कागदपत्रं तपासताना सीए थबकले. "तुम्हाला होता येणार नाही," ते म्हणाले.

कारण साधं होतं. प्रत्येक कंपनीला दर वर्षी हिशेबाचा एक आणि वार्षिक विवरणाचा एक, असे दोन फॉर्म कंपनी निबंधकांकडे भरावे लागतात. सलग तीन आर्थिक वर्षं ते भरले नाहीत, तर तिच्या संचालकांना पाच वर्षं कुठल्याही दुसऱ्या कंपनीत संचालक होता येत नाही. मसाल्याच्या कंपनीचे फॉर्म 2018-19 पासून भरलेच गेले नव्हते. अशी घरं थोडीथोडकी नाहीत. 2017 मध्ये सरकारनं सव्वादोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली, तेव्हा तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले होते.

"कंपनीत एक रुपया नाही, मग दंड कशाचा?" भाऊजींनी विचारलं. उत्तर होतं उशिराचा. जुलै 2018 पासून प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. म्हणजे एका फॉर्मचे वर्षाला 36,500, दोन्हींचे 73,000! त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की बंद करण्याचा अर्ज आपणहून केला, तर धंदा ज्या वर्षी थांबला त्या वर्षापर्यंतचेच फॉर्म भरावे लागतात. निबंधकांची कारवाई आधी सुरू झाली, तर मात्र सगळेच. ताईच्या वाट्याला दोन वर्षांचे चार फॉर्म आले आणि आकडा पावणेसहा लाखांच्या पुढे गेला. कंपनीचं भांडवल होतं एक लाख.

गंमत अशी, की 2020 मध्ये सरकारची 'फ्रेश स्टार्ट' योजना आली होती. 31 डिसेंबरपर्यंत जुने फॉर्म जादा शुल्काशिवाय भरता येत होते. तेव्हा 2018-19 चे दोन फॉर्म नेहमीच्या किरकोळ शुल्कात सुटले असते.

ताई त्या रात्री एवढंच म्हणाली, "सही माझी होती ना? मग पत्रंही मला दाखवायची होती." भाऊजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाचीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली.

मग रीतसर काम सुरू झालं. जुने हिशेब तपासून फॉर्म भरले. वेळेत केवायसी न केल्याबद्दल दोघा संचालकांचे पाच-पाच हजार भरले. व्यवसाय कराची नोंदणी रद्द केली, कारण तिचेही वर्षाला अडीच हजार साचत होते. बँकेचं खातं बंद केलं. स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, प्रतिज्ञापत्र, देणं शिल्लक नसल्याचा ताजा ताळेबंद आणि दहा हजार रुपये शुल्क, असा अर्ज गेला. 2023 पासून हे अर्ज देशभरातून हरियाणातल्या मानेसरच्या एकाच केंद्राकडे जातात. हरकतींसाठी जाहीर सूचना निघते आणि मुदत संपली, की नाव नोंदवहीतून निघतं. तरीही संचालकांची जुनी जबाबदारी पुसली जात नाही. उद्या एखादं देणं निघालं, तर ते त्यांना गाठू शकतं.

आपल्या घरातही अशी एखादी झोपलेली कंपनी असेल, तर आजच तिची चौकशी करा. दोन वर्षं व्यवहार नसेल आणि देणी फिटली असतील, तर ती बंद करा. पुढे चालवायची असेल, तर कायद्यानं 'सुप्त कंपनी'चा दर्जा मागून घेता येतो. त्याचं विवरण लहान असतं, पण ते दर वर्षी भरावंच लागतं. गप्प बसणं हा मात्र सर्वांत महाग उपाय आहे.

आणि वहिनी, सून, आई यांच्यापुढे सहीसाठी कागद ठेवताना त्यांना तो वाचू द्या. कायद्याच्या दप्तरात 'नावापुरती' असा रकाना नसतो. गावच्या बायकांच्या कंपनीत ताई आज संचालक नाही, साधी सभासद आहे. पण सभेत ताळेबंद आला, की तो सर्वांत आधी तीच मागून घेते आणि प्रत्येक ओळ वाचून मगच पुढे देते.