हातगुण

डायलिसिस-कक्षातले पहिल्या पाळीचे रुग्ण सकाळी सातला येतात, वजनकाट्यावर उभे राहतात, मागल्या खेपेपासून अंगात साठलेल्या पाण्याचा आकडा ऐकून किंचित ओशाळतात, आणि आपापल्या खाटेवर जाऊन, कोणी न सांगता, डावा हात उताणा करून ठेवतात. त्या हातात मनगटाच्या वर शस्त्रक्रियेने एक रोहिणी आणि एक नीला परस्परांस जोडलेल्या असतात. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या या जोडाला आम्ही ‘फिस्टुला’ म्हणतो, आणि सुया टोचण्यापूर्वी त्यावर बोटे ठेवून आतील रक्ताची थरथर पाहणे हा आमचा पहिला शिरस्ता. मांडीवर मांजर घुरघुरत असावे तसे काहीतरी बोटांखाली अखंड चालू असते. ते थांबले, तर त्या माणसाची जीवनवाहिनीच बंद पडली असे समजावे. अठ्ठावीस वर्षे परिचारिकेचे काम करताना ही थरथर मी रोज अनुभवली आहे, आणि म्हणूनच हातातून वाहणाऱ्या ‘ऊर्जे’विषयी जेव्हा कोणी माझ्याशी बोलू लागते, तेव्हा ते मी हसण्यावारी नेत नाही.

यंत्राविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त बाहेर काढून, ते पोकळ तंतूंच्या नळकांड्यातून फिरवून, एका वेळेला सुमारे १२० लिटर शुद्ध द्रावण खर्ची घालून, ते चार तासांत रक्त धुऊन परत देते. तथापि निसर्गदत्त मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास राबतात, आणि यंत्राच्या वाट्याला त्यांतले १२ येतात. ज्याला आठवड्यातून दोनदाच येणे जमते त्याच्या बाबतीत तर आठच. उरलेल्या काळात जे साठते त्याची कैफियत रुग्ण आमच्यापाशी मांडतो: रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप लागत नाही, तिसऱ्या तासाला पोटरीत गोळे येतात, घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत अंगात त्राण नसते, आणि खाज. या खाजेकडे मी कित्येक वर्षे द्यावे तितके लक्ष दिले नाही, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजते. आमच्या नोंदवहीत रक्तदाबाला रकाना आहे, वजनाला आहे, काढलेल्या पाण्याला आहे; खाजेला नाही, आणि ज्याला रकाना नाही ते विचारण्याची आठवण राहत नाही.

माझे डोळे उघडले ते एका निवृत्त शिक्षकांमुळे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणत असू. एके दिवशी सदरा बदलताना त्यांची पाठ मला दिसली: लाकडी फणीने रात्र रात्र खाजवून काढलेल्या समांतर रेघा, काही जुन्या काळवंडलेल्या, काही ओल्या. “मास्तर, हे कधी बोलला नाहीत ते?” मी विचारले. “सिस्टर, तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं,” ते म्हणाले, आणि त्या वाक्यात यत्किंचितही रोष नव्हता. त्यांची सून रेकी शिकलेली होती. तिसऱ्या तासाला सासऱ्यांच्या खांद्यांवर आणि कपाळावर हात ठेवून बसण्याची परवानगी तिने मागितली, आणि डॉक्टरांना विचारून मी ती दिली. वीसेक मिनिटे ती नुसती बसून राही. मास्तरांचा उजवा हात, जो एरवी सारखा मानेकडे जाई, तो हळूहळू चादरीवर स्थिरावे, आणि अनेकदा त्यांचा डोळा लागे. महिनाअखेरच्या तपासणीत, खाज असली की आम्ही पाहतो तो रक्तातील फॉस्फरस पूर्वीइतकाच होता. मग त्यांना आराम कशाने पडला?

हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. रेकीचा उगम जपानात, मिकाओ उसुई यांच्याकडे, १९२२ च्या सुमाराचा. आमच्या व्यवसायाशी अधिक जवळचे नाते आहे ते ‘थेरप्यूटिक टच’चे, कारण ते १९७२ च्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठातील परिचर्येच्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुंझ यांच्या साहाय्याने मांडले. कुंझबाई थिऑसॉफिस्ट होत्या, आणि क्रीगर यांनी आपल्या उपपत्तीसाठी ‘प्राण’ हाच शब्द घेतला. १८७९ मध्ये मुंबईस आलेल्या आणि १८८२ मध्ये अड्यारला स्थिरावलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीने आपल्याकडील ज्या कल्पना पश्चिमेत रुजवल्या, त्यांतलीच ही एक. म्हणजे आपलाच शब्द परदेशी वेष धारण करून आपल्या इस्पितळांत परतला. या पद्धतीत हात शरीरापासून काही इंच दूर धरून ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणता येते असे मानतात. ते खरोखर जाणवते काय, याची परीक्षा एमिली रोझा या अमेरिकन मुलीने वयाच्या नवव्या वर्षी घेतली. पडद्याच्या छिद्रांतून उपचारकांनी दोन्ही हात पुढे करावेत, तिने नाणेफेकीने ठरवून एका हातावर आपला हात धरावा, आणि त्यांनी तो कोणत्या हातावर आहे ते सांगावे, इतकाच प्रयोग. २१ उपचारकांच्या २८० प्रयत्नांत १२३ उत्तरे बरोबर आली. शंभरात ४४, म्हणजे नुसत्या अंदाजाने येतील त्याहूनही कमी. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर ऊर्जेच्या उपपत्तीवरचा माझा उरलासुरला विश्वास गेला.

पण मास्तरांचा स्थिरावलेला हात काही खोटा नव्हता. तैवानमधील परिचारिकांनी या शतकाच्या आरंभी डायलिसिसच्या रुग्णांवर अॅक्युप्रेशरचे रीतसर प्रयोग केले: काहींना शास्त्रोक्त बिंदूंवर दाब, काहींना मुद्दाम भलत्याच जागी, आणि काहींना नेहमीचेच उपचार. झोप आणि थकवा यांत दाब घेणाऱ्यांना बरे वाटले. मात्र भलत्या जागी दाब घेतलेल्यांनाही काही प्रयोगांत बराचसा तोच आराम पडला. २०१६ मधील कोक्रेन समीक्षेने अशा प्रयोगांचा हिशेब मांडून एवढेच म्हटले, की थकवा, खिन्नता, झोप आणि खाज यांवर हाताने केलेल्या अॅक्युप्रेशरचा अल्पकाळ उपयोग दिसतो, पण हा पुरावा अत्यंत कमकुवत आहे. मला वाटते, जो चार तास दोन सुयांना जखडून पडला आहे, ज्याला दिवसभर लोक स्पर्श करतात ते केवळ काही टोचण्यासाठी, काढण्यासाठी किंवा मोजण्यासाठी, त्याच्याजवळ कोणी काही न मागता वीस मिनिटे बसले, तर त्याचे शरीर सैल होते. आपल्या भाषेत याला ‘हातगुण’ हा जुना शब्द आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

अर्थात हात ठेवण्यापूर्वी करावयाची कामे आधी झालीच पाहिजेत. खाज असेल तर फॉस्फरस, कोरडी त्वचा आणि डायलिसिसची मात्रा पाहावी, औषधाची तजवीज डॉक्टरांकडून करून घ्यावी. गोळे येत असतील तर दोन खेपांमधील वाढलेले वजन आणि पाणी काढण्याचा वेग पाहावा. फिस्टुलाच्या हाताला कोणीही दाब देऊ नये, दोरा-कडे बांधू नये, डायलिसिसखेरीज सुया टोचू नयेत. यंत्रावर असताना रक्त न गोठण्याचे औषध चालू असते, म्हणून जोराचे मर्दनही नको. आणि काढे, कमरखाचा रस, शहाळ्याचे पाणी यांना तर माझा साफ मज्जाव आहे. कमरख या रुग्णांच्या मेंदूवर विषासारखे परिणाम करते आणि शहाळ्यातले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते.

हे मी इतक्या निकराने लिहिते, त्याला कारण आहे. एका तरुण शेतकऱ्याला एका उपचारकाने सांगितले, की तुझी मूत्रपिंडे आता ऊर्जेने जागी होत आहेत, दोन खेपा चुकव. त्याने दोन चुकवल्या. तिसरीच्या आदल्या रात्री त्याला धाप लागलेल्या अवस्थेत आणले, तेव्हा त्याची बायको पायाशी उभी राहून एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होती: “ताई, ते म्हणाले होते बरं होईल.” तो वाचला नाही. त्या उपचारकाच्या हातांत काही शक्ती होती की नव्हती, या वादात मला आता रस नाही. त्याने एका माणसाला यंत्रापासून दूर ठेवले, याबद्दलची माझी फिर्याद मात्र कायम आहे.

आमच्या कक्षात नोंदवहीला मी आता एक रकाना वाढवून घेतला आहे: खाज, झोप, पाय. तिसऱ्या तासाला प्रत्येक खाटेपाशी दहा मिनिटे बसावे, अशी माझी सहकाऱ्यांना विनंती असते. एकीच्या वाट्याला चार-पाच खाटा असल्याने ते रोज साधत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाळीच्या शेवटी सुया काढल्यावर त्या दोन छिद्रांवर गॉजची घडी ठेवून दहा मिनिटे बोटांनी दाबून धरावे लागते. सैल धरले तर रक्त उसळते, फार आवळले तर थरथर थांबते. या दहा मिनिटांत कोणालाच उठता येत नाही, ना रुग्णाला, ना परिचारिकेला. मास्तर या वेळात आपल्या जुन्या विद्यार्थ्यांविषयी बोलत असत, कोणाला गणित येत नसे, कोण आता तहसीलदार झाला. आणि मी बोटांखालची घुरघुर सांभाळत, रक्त थांबले असले तरी, गोष्ट संपेपर्यंत हात काढत नसे.