उतरणीचे दिवे

आमचे घर घाटकोपरला, मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली आहे. वर्षातले बरेचसे दिवस डोक्यावरून दर काही मिनिटांनी एक विमान जाते. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. (दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकवतो, हे घरातल्या शांततेच्या दृष्टीने बरेच म्हणायचे.) एकमेकांना काही वाचून दाखवताना विमान आले की थांबायचे आणि ते गेले की वाक्य पुढे न्यायचे, ही सवय आता इतकी जडली आहे की बाहेरगावी व्याख्यानाला गेलो तरी आमच्या बोलण्यात अकारण विराम येतात. आमच्या लेखी विमान म्हणजे एक विरामचिन्ह. त्यापलीकडे काही नाही.

चिरंजीवांचे मात्र वेगळे होते. सहाव्या-सातव्या वर्षीच खिडकीकडे पाठ करून, केवळ आवाजावरून तो विमानाची जात ओळखू लागला. पुढे त्याला समानधर्मी मित्र मिळाले. रविवारी सकाळी ही मंडळी जरीमरीच्या टेकडीवर जात आणि दुपारी आमच्या घरी पोहे खात विमानांवर वाद घालत. ते वाद आम्ही आतल्या खोलीतून ऐकत असू. सातशे सत्तेचाळीसचा दोनशे क्रमांकाचा अवतार श्रेष्ठ की चारशे क्रमांकाचा? चारशेच्या पंखांची टोके वर वळलेली आणि वरचा मजला लांब. पण तिच्या कॉकपिटमध्ये दोनच माणसे, फ्लाइट इंजिनिअर नावाचा तिसरा माणूस तिथून हद्दपार झालेला. एकाचे म्हणणे, ही प्रगती. दुसऱ्याचे म्हणणे, माणूस गेला तिथे विमानाचा आत्माही गेला. आम्हाला हसू येई. मग एकदा लक्षात आले, की पाठभेदांवरून आमच्या विद्यापीठीय चर्चासत्रांत जे चालते ते याहून फारसे निराळे नसते. फरक इतकाच, की या मुलांना मानधन नव्हते आणि पोहे खाऊन झाल्यावरही त्यांचे भांडण टिकत असे.

बारावीनंतर तो वैमानिक होणार हे घरात गृहीत होते. कर्जाचे कागदही आम्ही आणून ठेवले होते. व्यावसायिक परवान्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी असते. तिच्यात रंगीत ठिपक्यांचे ते प्रसिद्ध पुस्तक समोर ठेवतात. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रवैद्याने 1917 मध्ये प्रसिद्ध केलेले. ज्याचे डोळे निर्दोष, त्याला ठिपक्यांत आकडा दिसतो. आमच्या मुलाला बहुतेक पानांवर नुसते ठिपके दिसले. पुढच्या चाचणीतही तेच झाले. लाल आणि हिरवा यांतला भेद त्याच्या डोळ्यांना पुरेसा कळत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि विषय संपला.

आमच्यासाठी तो संपला नाही. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईच्या डोळ्यांत तो नसतो, ती फक्त वाहून आणते. आमच्यापैकी एकीचे वडील प्राथमिक शिक्षक होते. मळ्यात पिकलेली लाल मिरची वेचायला त्यांना कोणी नेत नसे, कारण ते हिरवीही सरसकट तोडून आणत. घरात हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोद होता. ‘आजोबांची मिरची’ म्हणजे कोणतेही अर्धवट केलेले काम. त्या विनोदाचा अर्थ आम्हाला चाळीस वर्षांनी कळला. आमच्यापैकी एक रात्रभर रडली. दुसरा ‘यात तुझा काय दोष?’ असे म्हणत राहिला. आणि ‘दोष’ हाच शब्द आपण वापरतो आहोत, हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आले.

चार महिने घरात विमानाचा विषय निघाला नाही. रविवारचे मित्र येईनासे झाले. विमान आले की आम्ही पूर्वीसारखेच थांबत होतो, पण आता तो विराम नव्हता. नुसता अबोला होता.

मग एके संध्याकाळी त्याच्या खोलीतून घरघर ऐकू आली. जुना संगणक, मित्राकडून आणलेली एक जॉयस्टिक आणि पडद्यावर सातशे सत्तेचाळीसचे कॉकपिट. आम्हाला ते मुळीच आवडले नाही. ज्या दारातून परत पाठवले, त्याच दाराचे चित्र भिंतीवर टांगून त्याच्याकडे पाहत बसायचे, असे काहीसे वाटले. शिवाय हा खेळ वेळेच्या बाबतीत निर्दय असतो. मुंबईहून लंडनला खऱ्या विमानाला जितके तास लागतात, तितकेच पडद्यावरच्या विमानाला लागतात. जेवायला हाक मारली की आतून उत्तर येई, “बाबा, उतरणीला लागलोय, वीस मिनिटं.” पाने वाढलेली आणि आम्ही दोघे एका नसलेल्या विमानाच्या उतरण्याची वाट पाहत बसलेले!

अखेर एकदा आमच्यापैकी एकीने विचारलेच, “अरे, या खोट्या विमानात बसून काय मिळतं तुला?”

तो चिडला नाही. म्हणाला, “आई, खोटं विमान आधी हवेतल्या माणसांचा जीव वाचवायला निघालं होतं.” आणि त्याने आम्हाला एडविन लिंकची गोष्ट सांगितली. लिंकच्या वडिलांचा अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी ऑर्गन आणि पियानो तयार करण्याचा कारखाना होता. उड्डाण शिकणे फार खर्चाचे होते. तेव्हा 1929 च्या सुमारास त्याने ऑर्गनचे भाते आणि झडपा वापरून जमिनीवरच झुकणारे, वळणारे एक लुटुपुटुचे विमान तयार केले. सुरुवातीला ते जत्रांतल्या करमणुकीसाठी विकले गेले. 1934 मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि खराब हवेत केवळ उपकरणे पाहून उडता न आल्याने त्यांतले अनेक मेले, तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. संगीत नाटकांच्या पिटातला पायपेटीचा ऑर्गन आम्हाला ठाऊक होता. त्याच जातीच्या भात्याने कोणाला काळोखात उडायला शिकवले असेल, हे कधी मनात आले नव्हते.

त्या रात्री आम्ही प्रथमच त्याच्या मागे खुर्च्या मांडून बसलो. तो हाँगकाँगच्या जुन्या काय ताक विमानतळावर उतरत होता. तिथे वैमानिकाला चौकटी रंगवलेल्या एका टेकडीच्या रोखाने यायचे आणि अगदी खाली आल्यावर उजवीकडे वळून, घरांच्या छपरांवरून धावपट्टी गाठायची असे. जुलै 1998 मध्ये तो विमानतळ बंद झाला. म्हणजे आमच्या मुलाच्या जन्माच्याही आधी. शिकागोच्या मेग्ज फील्डचेही असेच. मायक्रोसॉफ्टच्या या खेळाची पहिली आवृत्ती 1982 मध्ये निघाली आणि पुढे अनेक वर्षे खेळणारा पहिले उड्डाण तिथूनच करी. मार्च 2003 मध्ये महापौरांच्या हुकमाने एका रात्रीत बुलडोझर लावून ती धावपट्टी उखडण्यात आली. पडद्यावरची मात्र शाबूत राहिली.

धावपट्टीशेजारी चार दिवे ओळीने लावलेले असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उतरण बरोबर. चारही लाल दिसले तर विमान धोकादायक खाली आले. त्याने दुसऱ्या एका विमानतळावर विमान आणले आणि ते आम्हाला दाखवले. आमच्यापैकी एकाने न राहवून विचारले, “तुला ते कसे दिसतात?”

“लाल अंधूक दिसतात. पांढरे झगझगीत. मी रंग बघत नाही, उजेड बघतो.” जरा थांबून तो म्हणाला, “इथे चालतं. खऱ्या विमानात पाठीमागे तीनशे माणसं असतात. तिथे ‘बहुतेक बरोबर’ चालत नाही. नियम बरोबर आहे, आई.”

1 जानेवारी 1978 च्या रात्री ‘सम्राट अशोक’ नावाचे आपले पहिले जंबो सांताक्रूझहून निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. 213 माणसे गेली. कॅप्टनसमोरचे, विमान किती कलले आहे ते दाखवणारे उपकरण बिघडले आणि खाली काळ्या समुद्रावर नजर ठरायला क्षितिज नव्हते, असे त्याने आम्हाला पुष्कळदा समजावून सांगितले आहे. ते उड्डाण पडद्यावर करून पाहिलेस का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “नाही. ते करून बघायचं नसतं.” निर्दोष डोळ्यांनाही फसवणारा काळोख असतो, हे या मुलाला आमच्याआधी उमगले होते.

आम्ही दोघे वीस-बावीस वर्षे कविता शिकवत आलो आहोत. दोघांनीही तारुण्यात कविता लिहिल्या, संपादकांकडे पाठवल्या आणि त्या साभार परत आल्या. पुढे आम्ही शिकवू लागलो, समीक्षा लिहू लागलो. आम्ही स्वतःला रसिक म्हणवतो आणि तो शब्द आम्हाला कधी दुय्यम वाटला नाही. मग मुलाच्या बाबतीतच तो आम्हाला पराभवासारखा का वाटावा? हा प्रश्न आम्ही एकदा त्याच्यापुढेच मांडला. त्याला बरे वाटेल अशी अपेक्षा होती. तो हसला. “मला विमान चालवायचं होतं, बाबा. हे ते नाही. हे दुसरं काहीतरी आहे, आणि हेही मला हवंय.” आमच्या साऱ्या सौंदर्यशास्त्राने एवढी नेमकी विभागणी कधी केली नव्हती. दुःख दुःखाच्या जागी ठेवून आवड आवडीच्या जागी जपता येते, हे साभार परतीनंतर आम्हाला जमले होते का? खरे सांगायचे, तर नाही. त्या कविता आम्ही फाडून टाकल्या होत्या.

22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाचे ‘आग्रा’ नावाचे जंबो, प्रवासी वाहतुकीतून आधीच निवृत्त झालेले, मुंबईहून अमेरिकेकडे कायमचे निघून गेले. जमीन सोडल्यावर वैमानिकाने त्याचे पंख एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला झुकवून निरोप घेतला. ते चित्रण आम्ही तिघांनी एकत्र पाहिले. रविवारचे मित्र आता पुन्हा येतात. वाद पूर्वीचेच, पोहे मात्र वाढवावे लागले आहेत.

परवा उत्तरपत्रिका वाचून दाखवताना विमान आले. आम्ही थांबलो. आमच्यापैकी एकाने धीर करून म्हटले, “एअरबस.” आतून आवाज आला, “बोइंग, बाबा.” वाक्य पुढे नेले.